बोटभर फट ठेवलेले गाव

मित्रांनो, मी एक जुने लाकडी गाव आहे. हसू नका. मी खरे गाव नाही. खऱ्या गावाची लाकडात केलेली नक्कल आहे. माझी लांबी एकशेवीस सेंटिमीटर आणि रुंदी शंभर. माझ्यात सहाशे बारा घरे, एक चर्च, एक शाळा, एक पूल आणि पाच पब आहेत. माणूस मात्र एकही नाही. मला उचलायला चार जण लागतात आणि त्या चौघांपैकी एक तरी दर वेळी म्हणतोच, "सावकाश रे, गाव सांडेल!"

खऱ्या गावाचे नाव ऑटरबी. तिथे साडेसातशे वर्षे दर गुरुवारी बाजार भरतो. बाजारचौकातल्या दगडी इमारतीत मी राहते. गुरुवारी सकाळी बाहेरून चीज, ओले गवत आणि तळलेले सॉसेज यांचा वास आत आला की वार विचारावा लागत नाही.

माझा जन्म १९५३ सालचा. त्या वर्षी राणीचा राज्याभिषेक होता आणि प्रत्येक गाव काही ना काही करून दाखवत होते. शेजारच्या गावाने कारंजे बांधले. ऑटरबीच्या नगरसमितीने एनॉक हार्गेट या सुताराला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "कारंज्याला पाणी लागतं आणि पाणी इथं फुकट पडतंच. मी गाव करतो."

एनॉक हा काटकुळा, कमी बोलणारा माणूस. तोंडात कायम पेपरमिंटची गोळी. मोजमापासाठी त्याने एका मोडक्या सायकलचे चाक घेतले आणि त्याच्या एका तारेला लाल चिंधी बांधली. चिंधी एकदा वर आली की दोन मीटर सात सेंटिमीटर झाले. (तो फूट-इंचांत मोजायचा, तुमच्यासाठी मी मीटरमध्ये सांगते.) असे चाक ढकलत तो गल्लीगल्लीतून फिरला. लोक दारात उभे राहून विचारायचे, "एनॉक, बाकीची सायकल कुठं हरवलीस?" तो चिंध्या मोजत असायचा. उत्तर दिले तर मोजणी चुकणार, म्हणून तो उत्तर द्यायचा नाही, आणि गावाला वाटायचे सुताराला गर्व चढला.

माझा एक सेंटिमीटर म्हणजे खऱ्या गावाचे पाच मीटर. ओकच्या फळ्या जोडून त्याने माझा पाटा, म्हणजे खालचा सपाट तळ, केला. मऊ, पांढऱ्या लाकडातून साधारण सुपारीएवढी घरे कोरली. प्रत्येकाच्या तळाला एक खुंटी, म्हणजे घर पाट्यात घट्ट बसावे. ईशान्येच्या कोपऱ्यात, जिथे गाव संपते, तिथे अक्रोडाच्या गडद लाकडाचे आठ टोकांचे दिशाचक्र बसवले. हे दिशाचक्र लक्षात ठेवा. माझी सगळी गंमत आणि सगळी शरम त्याच्यावरच घडली.

काम संपत आले तेव्हा व्हिकर, म्हणजे गावच्या चर्चचे धर्मगुरू, बघायला आले. पाटा आणि बाहेरची चौकट यांच्यामध्ये पेन्सिल जाईल एवढी फट होती. व्हिकरनी तिच्यावर बोट ठेवले.

"हार्गेट, ही बुजवा की. काहीतरी चुकल्यासारखं दिसतंय."

"बुजवली तर चिरेल, साहेब," एनॉक म्हणाला. "लाकूड ओल्या दिवसांत रुंदावतं. त्याला जागा ठेवली नाही तर ते आपली आपण करून घेतं."

हे अगदी खरे आहे. लाकूड हवेतला ओलावा पिते आणि फुगते. त्याच्यावर दिसणाऱ्या रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच, पण रेषांना आडवे चांगलेच फुगते. दर हिवाळ्यात मी पूर्व-पश्चिम पाच-सहा मिलिमीटर रुंद होते. खऱ्या गावाच्या मापात हे जवळजवळ तीन मीटर भरतात. उन्हाळ्यात पुन्हा आक्रसते. मित्रांनो, सत्तर वर्षे मी दरवर्षी वाढत आले आहे आणि एकदाही कुणाची परवानगी घेतलेली नाही.

आता माझे एक गुपित सांगते. चौकटीच्या दक्षिण बाजूला एक खण आहे. त्याला मूठ नाही, कडी नाही. बाहेरून तो चौकटीच्या नक्षीचाच भाग वाटतो. एनॉकने आणखी एक्केचाळीस घरे कोरली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि त्या खणात ठेवली. खणाच्या तळाशी त्याने पेन्सिलने काहीतरी लिहिले आणि खण आत ढकलला. कुणाला तरी सांगायचे त्याच्या मनात असावे. पण १९६१ च्या हिवाळ्यात एनॉक न्युमोनियाने गेला. मुलगा तेव्हा जहाजावर होता. खणाची गोष्ट फक्त मला ठाऊक राहिली, आणि मला तोंड नाही.

पहिली चव्वेचाळीस वर्षे माझी चैन होती. मी तळमजल्यावर होते. बाजाराला आलेला प्रत्येक माणूस माझ्यापाशी थांबायचा आणि आधी स्वतःचे छप्पर शोधायचा. ते सापडले की चेहरा असा खुलायचा, जणू घर हरवले होते आणि आत्ताच मिळाले.

दर वर्षी मिस ऑक्स्टन तिसरीचा वर्ग घेऊन यायच्या. विनिफ्रेड ऑक्स्टन. सगळे गाव त्यांना बाई म्हणायचे. त्या भूगोल शिकवायच्या, आणि अशा शिकवायच्या की ऑटरबीतला माणूस आजही पबमधून बाहेर पडताना 'डावीकडे' म्हणत नाही, 'नैर्ऋत्येला' म्हणतो. त्या मुलांना विचारायच्या, "आपण आत्ता कुठे आहोत?" आणि पस्तीस बोटे माझ्या बाजारचौकावर टेकायची. इतकी बोटे टेकली, इतकी वर्षे टेकली, की तिथे अर्ध्या मिलिमीटरचा खळगा पडला आहे. खऱ्या चौकात तो वीतभर खोल भरला असता. माझ्या अंगावरची सगळ्यात गुळगुळीत जागा तीच आहे.

मग दिवस पालटले. गुरांचा लिलाव बंद झाला. बाजार अर्ध्यावर आला. तळमजल्यावर पर्यटकांसाठी चकचकीत फलक लागले आणि मला माळ्यावर नेऊन ताडपत्री घातली. छप्पर गळत होते. माझ्या शाळेच्या पटांगणात उंदराने घरटे केले आणि त्यात सात पिल्ले वाढवली; त्या काळात माझ्या अंगावर वाढलेली वस्ती तेवढीच. ओलाव्याने पाटा फुगला आणि फटीने तो सोसला. खणाला मात्र तेवढी जागा नव्हती. तो असा घट्ट आवळला गेला की एनॉक स्वतः आला असता तरी हलला नसता.

मध्यंतरी सव्वीस वर्षे गेली.

ताडपत्री काढली डेरिक पॅजेट यांनी. ते नगरसमितीचे चिटणीस. सरळमार्गी, कामसू माणूस. जिल्हा कार्यालयाचे पत्र आले होते: पुढच्या पंधरा वर्षांत ऑटरबीत साठ नवी घरे व्हायला हवीत. कुठे, ते गावाने ईस्टरपर्यंत सांगावे. न सांगितल्यास कार्यालय स्वतः ठरवील. पॅजेटना वाटले, कागदी नकाशा बघून लोक जांभया देतात, त्यांच्यासमोर हे लाकडी गाव ठेवू. तीन गुरुवार लोकांची मते घेऊ.

पितळी पट्टीवर सुताराचे नाव वाचून त्यांनी गावातली एकुलती एक हार्गेट शोधली. तिचे नाव टॅम्सिन. एनॉकची पणती, वय अठ्ठावीस. ती सकाळी गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना उठवायची, न्हाऊ घालायची, औषधे द्यायची. दुपारी ती मला साफ करायला येऊ लागली. कापसाचा बोळा जिभेवर ओला करायचा आणि एकेक छप्पर पुसायचे. किळस वाटू देऊ नका. थुंकीत अशी द्रव्ये असतात जी चिकट काजळी सोडवतात आणि रंगाला धक्का लावत नाहीत. जुन्या वस्तू साफ करणारे जाणकारही हेच करतात.

पुसता पुसता ती माझ्याशी बोलायची.

"पणजोबा, तुमच्या गावात सहाशे बारा घरं, आणि मला एक मिळेना."

ती जोड्यांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहायची. मालकाला ती खोली शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी हवी होती. सप्टेंबरअखेर तिला जागा सोडायची होती. गावात तिच्या आवाक्यातले दुसरे काही नव्हते. हे तिने कुणाला सांगितले नव्हते. मला सांगितले, कारण मी कुठे बोलणार!

पहिल्या गुरुवारी पॅजेटनी टाचण्यांचा डबा आणला. टॅम्सिन मधे उभी राहिली. "टाचण्या? सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला टोचणार तुम्ही? चिकटमाती आणा." म्हणून माझ्यावर मातीच्या चिमटीत बसवलेले कागदी झेंडे आले. प्रत्येकाला तीन हिरवे आणि तीन लाल: हिरवा म्हणजे इथे घरे बांधा, लाल म्हणजे इथे मुळीच नको. खोली उबदार राहावी म्हणून पॅजेटनी हीटर लावले ते तीन आठवडे बंद केले नाहीत. फार वर्षांनी माझ्या अंगातला ओलावा हळूहळू निघू लागला.

आणि मग लोक आले. मित्रांनो, मी त्या तीन गुरुवारांत जे ऐकले ते सत्तर वर्षांत ऐकले नव्हते.

"पहिलीत नऊ मुलं आहेत. नऊ!" एक आई म्हणाली. "शाळा बंद पडली की मग बसा आपापली कौलं मोजत."

"गटारं राणीच्या पणजीच्या काळची आहेत. साठ घरांचं पाणी त्यात सोडलं तर ते वर येऊन हालहवाल विचारेल."

"माझ्या गल्लीत चौदा घरं. सोमवारी दिवे लागतात चारांत. बाकी सगळे शनिवारचे गावकरी."

लेन हॉडसन हा खाटीक. त्याचे दुकान चौकातच. तो म्हणाला, "मी म्हणतो घरं हवीतच. माणसं नसतील तर माझे सॉसेज कोण खाणार? फक्त माझ्या दुकानामागे नकोत. तिथं माझी गाडी लागते." आणि त्याने दुकानामागे तिन्ही लाल झेंडे ठोकले.

"शिवाय राहायला येणार कोण? बाहेरचे!" तो पुढे म्हणाला.

"मी आलोच की बाहेरून," पॅजेट म्हणाले. "एकतीस वर्षं झाली मला."

"तेच म्हणतोय मी. नुकताच आलास." हॉडसनने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "तीन पिढ्या त्या चर्चमागे गाडल्या गेल्या की मग बघू."

मी खालून सगळ्यांची बोटे पाहत होते. प्रत्येक जण अजूनही आधी स्वतःचे छप्पर शोधत होता. फरक एवढाच, की आता ते सापडल्यावर चेहरा खुलत नव्हता. बोट छपरापासून निघून भोवती वर्तुळ काढायचे. मी ती वर्तुळे मोजली: साधारण वीस सेंटिमीटर, म्हणजे खिडकीतून दिसणारे शंभर मीटर. त्या वर्तुळात लाल झेंडे. प्रत्येकाचे वर्तुळ वेगळे होते, आणि सगळी मिळून आख्खे गाव झाकले गेले.

मिस ऑक्स्टन पहिल्याच गुरुवारी आल्या होत्या. आता वय चौऱ्याऐंशी, हातात काठी, पायांत ते घट्ट वैद्यकीय मोजे जे एकट्या माणसाला चढवता येत नाहीत. त्यांच्या घरामागची बाग मागच्या गल्लीपर्यंत साठ मीटर लांब आहे. माझ्यावर बारा सेंटिमीटर. तिच्या कडेने त्यांनी तिन्ही लाल झेंडे एका ओळीत, समान अंतरावर लावले. मग हिरवे तीन हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिल्या. शेवटी ते त्यांनी ईशान्येच्या कोपऱ्यात, दिशाचक्राच्या उत्तर टोकावर उभे केले.

"इथं कुणाच्या डोळ्यांत खुपणार नाहीत," त्या म्हणाल्या.

हॉडसन खो-खो हसला. मग त्याने आपलेही तीन तिथेच लावले.

आणि मित्रांनो, त्यांचे बघून बाकीच्यांनी. काही जणांनी गमतीने, काही जणांनी बरे झाले म्हणून, आणि काही जणांनी अगदी मनापासून. कारण त्यांना तो गडद तुकडा म्हणजे पलीकडची कुणाची तरी नांगरट वाटली. जागा मोकळी होती, त्यांच्या घरापासून लांब होती, तेवढे पुरे होते. ज्या बाईंनी गावाला दिशा शिकवल्या, त्यांनीच गावाला ही वाट दाखवली.

तिसऱ्या गुरुवारी दुपारी बाजार उठल्यावर पॅजेटनी झेंडे मोजले. तीनशे अठरा माणसे येऊन गेली होती. लाल झेंडे नऊशे एकतीस. हिरवे पुष्कळांनी परत खिशात घालून नेले होते. माझ्यावर उरलेले दोनशे सहा. त्यांतले एकशे अठ्ठ्याऐंशी दिशाचक्रावर होते. ते चक्र दिसतच नव्हते, हिरवे रान झाले होते.

पॅजेटनी चष्मा काढून पुसला. "नोंद करायची तर अशी करावी लागेल," ते म्हणाले, "की ऑटरबीच्या रहिवाशांच्या मते नवी घरं 'उत्तर' या दिशेवर बांधावीत."

खोलीत वीसेक माणसे होती. सगळी हसली. हॉडसनला तर खुर्ची धरावी लागली. हसली नाही ती फक्त टॅम्सिन. तिचे तीन हिरवे झेंडे अजून तिच्या मुठीत होते. ती माझ्यापाशी आली आणि समोर बसलेल्या मिस ऑक्स्टनना म्हणाली,

"बाई, यातल्या कुठल्या टोकावर मी राहायला जाऊ? ईशान्य बरं पडेल का? सकाळचं ऊन येईल."

"काय बोलतेस पोरी? तुला घर आहे."

"सप्टेंबरपर्यंत. मग ती खोली पाहुण्यांना जाणार आहे." तिचा आवाज चढला नव्हता. "शहरात जागा बघितलीय. काम पण तिकडेच. चाळीस किलोमीटरवरून रोज इथं येणं जमायचं नाही."

"मग सकाळी माझे मोजे..." मिस ऑक्स्टन म्हणाल्या आणि थांबल्या. वाक्य तोंडातून निघाल्यावर त्यांना ते ऐकू आले असावे. खोलीतल्या आणखी चार-पाच जणांनी मान खाली घातली. त्यांच्याही आई-वडिलांकडे सकाळी टॅम्सिनच जायची.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. त्याच दिवशी तुम्ही पहिला झेंडा इथं लावलात, बाई. मग काय सांगायचं?"

मिस ऑक्स्टन उठल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्या कुणावर चिडल्या होत्या हे मला लगेच कळले नाही; कळले तेव्हा वाईट वाटले. "मूर्ख," त्या म्हणाल्या, "चौऱ्याऐंशी वर्षांची मूर्ख बाई!" आणि त्यांनी माझ्या चौकटीवर दक्षिण बाजूला सगळ्या जोराने तळहात आपटला.

खण उघडला.

यात चमत्कार काही नाही. तीन आठवड्यांच्या उबेने लाकूड आक्रसले होते आणि खण आदल्या दिवसापासूनच केसभर सैल झाला होता. फक्त कुणीतरी जोरात हात मारायला हवा होता. पण त्या क्षणी मला काय वाटले हे सांगायला माझ्याकडे माप नाही.

टॅम्सिनने पिवळा पडलेला कागद उलगडला. एकेक करून एक्केचाळीस घरे बाहेर आली. पांढरी, स्वच्छ, धूळ न लागलेली, जणू काल कोरलेली. खणाच्या तळाशी पेन्सिलची अक्षरे होती. पॅजेटनी ती वाचली: "मागून येणाऱ्यांसाठी. ए. हार्गेट."

 मग हॉडसन हळूच म्हणाला, "बघा म्हातारा! मरून साठ वर्षं झाली, तरी मिटिंगला आला."

मिस ऑक्स्टननी एक घर उचलून तळहातावर ठेवले. मग त्यांचा आवाज बदलला. तो वर्गातला आवाज होता, मी ओळखला.

"पॅजेट, ते सगळे झेंडे काढा. पुढच्या गुरुवारी सगळ्यांना परत बोलवा. घरटी एक घर उचलायचं आणि जागेवर ठेवायचं. जमत नसेल तर त्याने परत खणात ठेवावं, पण सगळ्यांसमोर. खिशात घालून कुणी न्यायचं नाही. आणि दिशाचक्रावर ज्याने ठेवलं त्याला मी कोपऱ्यात उभं करीन."

"मी सहासष्ट वर्षांचा आहे, बाई," हॉडसन म्हणाला.

"मग कोपऱ्यात खुर्ची देईन."

चौथा गुरुवार मी विसरणार नाही. झेंडा ठोकायला एक क्षण पुरतो. घर हातात घेतलेला माणूस मात्र माझ्याभोवती दोन-दोन फेऱ्या मारत होता, कारण झेंड्याला दार नसते आणि घराला असते. ते कुठे तोंड करून ठेवायचे? ऊन कुठून येईल? रस्ता कुठून? शिवाय घर मापात होते; ज्या जागेत ते मावत नाही, तिथे ते नुसत्या इच्छेने मावत नव्हते. नदीकाठच्या कुरणावर काही जणांनी मिळून सहा घरे ठेवली, तर एका शेतकऱ्याने न बोलता ती उचलली आणि त्या ठिकाणी पाण्याने भरलेला कप आणून ठेवला. सगळ्यांना गेल्या वर्षीचा पूर आठवला. गावाच्या भाजीच्या वाफ्यांवर घरे ठेवावीत का, यावरून मात्र जोरदार भांडण झाले आणि ते अजून मिटलेले नाही. एक बाई घर खणात परत ठेवून तरातरा निघून गेल्या. त्यांनी निदान सगळ्यांसमोर ठेवले.

बंद पडलेल्या दूधडेअरीच्या आवारात बघता बघता चौदा घरे उभी राहिली. गुरांच्या जुन्या लिलावाच्या जागी नऊ. हॉडसन आपले घर बराच वेळ बोटांत फिरवत होता. शेवटी त्याने ते स्वतःच्या दुकानाच्या छपरावर ठेवले.

"तिथं कसं, लेन?" पॅजेटनी विचारले.

"वरचे दोन मजले रिकामे आहेत. पंचवीस वर्षं मी तिथं मोडके वजनकाटे ठेवतोय. काढतो."

सगळ्यात शेवटी मिस ऑक्स्टन आल्या. काठी टॅम्सिनच्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी घर धरून आपल्या बागेवर वाकल्या. जिथे तीन लाल झेंडे ओळीत उभे होते तिथे, मागच्या गल्लीला लागून, त्यांनी ते ठेवले. मग थोडे फिरवले. मग आणखी थोडे.

"दार गल्लीकडे," त्या म्हणाल्या. "खिडकी माझ्या स्वयंपाकघराकडे. सकाळी कुणी उठलंय की नाही ते मला दिसलं पाहिजे."

टॅम्सिन म्हणाली, "बाई, हे बांधून व्हायला तीन वर्षं तरी लागतील."

"तोवर माझ्या वरच्या खोलीत राहा. तिथं नुसते नकाशे पडलेत. ते काही माझे मोजे चढवत नाहीत."

या वेळी सगळ्यांबरोबर टॅम्सिनही हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

त्याला आता तीन वर्षे होत आली. माझ्यावर एकोणतीस घरे ठेवली गेली; बारा अजून खणात आहेत. साठांची संख्या भरायला एकोणीस कमी पडतात म्हणून पॅजेट मधूनमधून चिंता करतात. टॅम्सिनने पणजोबांची हत्यारे शोधून कोरायला सुरुवात केली आहे. तिच्या पहिल्या घराचे छप्पर वाकडे आहे. पण बसते ते मापात.

आमच्यात एक रीत पडली आहे. जे घर गावात खरोखर उभे राहते, त्याच्या खुंटीसाठी पाट्यात भोक पाडतात, खुंटीला सरस लावतात आणि ते कायमचे बसवतात. बाकीची नुसती टेकवलेली असतात, कारण त्यांच्यावर अजून बोलणे चालू आहे. डेअरीतली आठ बसली. मागच्या शरद ऋतूत टॅम्सिन एका दुपारी मिस ऑक्स्टनना घेऊन आली आणि बागेतल्या घराला सरस मिस ऑक्स्टननी लावला. थोडा सरस बागेत सांडला. तो कुणी पुसला नाही. त्या दिवसापासून टॅम्सिन त्या घरात राहते. सकाळी पावणेसातला तिच्या खिडकीत दिवा लागतो, असे मिस ऑक्स्टन सगळ्यांना सांगतात, जणू तो त्यांनीच शोधून काढला आहे.

मला आता परत तळमजल्यावर आणले आहे, उत्तरेच्या भिंतीपाशी. मुले येतात. पहिलीत या वर्षी तेरा आहेत. चौकातला खळगा पुन्हा वाढू लागला आहे.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू तुमच्याही गावात कुठल्यातरी माळ्यावर असेल. तिच्यावरची ताडपत्री काढा. तिला उन्हात ठेवू नका, शेकोटीजवळ ठेवू नका, टाचण्या टोचू नका. बोट लावलेत तर चालेल; बोटांनी मी झिजले, पण बोटांवाचून मी कुजत होते. आपले छप्पर जरूर शोधा. ते सापडल्यावर शेजारी एखाद्या नव्या घराचे दार उघडेल एवढी जागा आहे का, तेही बघा.

आणि एक विनंती माझ्या खणाबद्दल. टॅम्सिन त्याच्या कडांना मेणबत्ती घासते, म्हणून तो आता सहज सरकतो. व्यवस्थित माणसांना तो पूर्ण आत ढकलावासा वाटतो. ढकलू नका. हिवाळे येणार, लाकूड फुगणार, आणि आत अजून बारा घरे आहेत. बोटभर फट राहू द्या.